अंमलदाराचा जाब



ज्या विषयावर मला आज बोलावयाचे आहे, तो तुमच्यापैकी पुष्कळांच्या दाराशी येऊन गेलेला आहे. पोलिसानेच गुन्हा केला तर फिर्याद कोणाकडे करावयाची, हा तो प्रश्न होय. चोरी झाली तर माणूस ठाण्याकडे धावतो. गावगुंडाने डोके फोडले तरी तो ठाण्याकडेच धावतो. परंतु ज्याने डोके फोडले तो ठाण्यातल्या खुर्चीवरच बसलेला असेल, तर त्या माणसाने धावावे कोठे?

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. पोलीस खात्याचा द्वेष शिकविण्यासाठी मी येथे उभा नाही. पोलीस नसतील तर राज्य गुंडांचे होईल, आणि गुंडांच्या राज्यात सर्वांत आधी मार कोणाला बसतो हे तुम्हांला सांगावयास नको. आपल्याला पोलीस हवे आहेत. मात्र ते कायद्याचे सेवक म्हणून हवे आहेत, कायद्याचे धनी म्हणून नकोत. ज्याच्या हाती सरकारने काठी, बंदूक आणि कोठडीची किल्ली दिली, त्याने सामान्य माणसापेक्षा अधिक जाब दिला पाहिजे. आपल्याकडे मात्र उलट चालले आहे. ज्याच्या हाती अधिक सत्ता, त्याचा जाब सर्वांत कमी.

आपल्या समाजाला ठाण्याची ओळख नवी नाही. आपले आजे-पणजे वतनदार म्हणून चावडीवर राबले. चोराचा माग त्यांनी काढावा, सांगावा त्यांनी पोचवावा, अंमलदार गावात आला की त्याची सरबराई त्यांनी करावी, आणि चोर सापडला नाही तर मारही त्यांनीच खावा! सरकारचे काम करूनही सरकारपुढे ज्याला तोंड उघडता येत नाही, असा हा चाकर होता. त्या वतनाच्या कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बिल आणले. ती वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. वतन गेले, परंतु चावडीच्या पायरीशी थबकण्याची जुनी सवय पायांतून गेली का? आजही आपला शिकलेला तरुण ठाण्याच्या फाटकात शिरताना आवाज खाली करतो. मला आज जे बोलावयाचे आहे ते त्या आवाजासंबंधी आहे.

ती भीती काढून टाकण्याचे साधन बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेले आहे. घटना समितीत जीवित व स्वातंत्र्यासंबंधीचे कलम संमत झाले तेव्हा त्यातील शब्द अपुरे आहेत असे पुष्कळांना वाटत होते. कायद्याने ठरविलेल्या पद्धतीने कोणाचेही स्वातंत्र्य हिरावता येते, असा त्याचा अर्थ होई. ती उणीव भरून काढावी म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी एक नवे कलम मांडले. तेच आजचे घटनेचे बाविसावे कलम होय. अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे ते कलम सांगते. या २४ तासांचे मर्म ध्यानात घ्या. माणसाला मार बसतो, कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेतला जातो, ते बहुधा पहिल्या रात्रीच. म्हणून घटनेने त्या रात्रीवर न्यायालयाचा पहारा बसविला. हा पहारा झोपू न देणे हे तुमचे-माझे काम आहे.

आता घाटकोपरची गोष्ट ऐका. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांनी पाहिला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने त्यांच्यावर गोळीबार केला. १० माणसे प्राणास मुकली. चारच दिवसांनी, वस्तीवस्तीत गाणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले.

गोळीबाराचे समर्थन असे करण्यात आले की, हमरस्त्यावर गॅसचे टँकर उभे होते, जमाव ते पेटवून देणार होता, आणि म्हणून गोळी चालविणे भाग पडले. सरकारने न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने टँकरची कैफियत स्वीकारली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवून तुकडीच्या प्रमुख उपनिरीक्षकावर ठपका ठेवला. पुढे काय झाले? खटला उभा राहून निकाल लागावयास २००९ साल उजाडले. त्या वर्षी मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्या अधिकाऱ्यास सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेपेची शिक्षा दिली, आणि पुढे उच्च न्यायालयातून तो जामिनावर सुटला. सकाळच्या काही मिनिटांचा हिशोब मागावयास १२ वर्षे लागली! या १२ वर्षांत साक्षीदार म्हातारे झाले आणि अनाथ झालेली मुले मोठी झाली.

या प्रकरणातून मी एक धडा घेतला आहे. चौकशी म्हणजे जबाबदारी नव्हे. हे वाक्य तुम्ही पाठ करून ठेवा. १९५२ च्या कायद्यान्वये नेमलेला चौकशी आयोग सत्य शोधतो, शिफारस करतो; तो शिक्षा देत नाही आणि त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारकही नसतो. आयोग नेमला की लोकांचा राग निवतो, वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळते आणि सरकारला श्वास घ्यावयास फुरसत मिळते. दुसरी युक्ती बदलीची. ज्या अंमलदाराने एका तालुक्यात माणसाला मारले तो दुसऱ्या तालुक्यात गेला म्हणजे तो सुधारला काय? त्याने केवळ गिऱ्हाईक बदलले! तिसरी युक्ती निलंबनाची. निलंबन ही शिक्षाच नव्हे. चौकशी पुरी होईपर्यंत माणसाला कामावरून दूर ठेवण्याची ती तजवीज आहे. आणि चौथी युक्ती खातेनिहाय चौकशीची. तिच्यात साहेबाच्या गुन्ह्याचा तपास साहेबाचाच सहकारी करतो. आपल्या दाव्यात आपणच न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे पहिले सूत्र आहे. गावात पाटलाच्या मुलाच्या गुन्ह्याचा निवाडा पाटलाने करावा, हे आपण मान्य केले नाही. मग ठाण्याच्या गुन्ह्याचा निवाडा ठाण्याने करावा, हे आपण का मान्य करावे?

यावर कोणी म्हणेल, कायद्यानेच पोलिसांना संरक्षण दिलेले आहे. होय, दिलेले आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकरावर खटला भरण्यास सरकारची मंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७ व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती २१८ व्या कलमात आहे. या नव्या कलमात एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. सरकारने १२० दिवसांत मंजुरीसंबंधी निर्णय दिला नाही, तर मंजुरी दिली असे धरले जाते. परंतु त्याच संहितेच्या १७५ व्या कलमात अडसरही आहे. सरकारी नोकराने कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याविरुद्ध तक्रार आली तर तपासाचा हुकूम देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल पाहावा आणि त्या नोकराचे म्हणणेही विचारात घ्यावे, असे ते सांगते. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने राखून ठेवले! तथापि मूळ तत्त्व विसरू नका. संरक्षण आहे ते कर्तव्याला. कोठडीत माणसाच्या तळपायावर काठी मारणे हे कोणत्या कायद्याने पोलिसाचे कर्तव्य ठरविले आहे? कबुली उकळण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या १२० व्या कलमान्वये ७ वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे, आणि पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. ज्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही, तिच्यासाठी माणसाची हाडे मोडावीत, यासारखे अनर्थकारक कृत्य दुसरे कोणते असेल?

बंधूंनो, कायदा आपोआप बदलत नाही आणि आपोआप चालतही नाही. त्याला माणसे चालवितात. १९७२ साली त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, प्रतिकार केल्याचे दिसत नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. रात्री ठाण्याचे दार बंद झाल्यावर एका मजूर मुलीने कोणाच्या बळावर प्रतिकार करावयाचा होता? १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला, आणि ताब्यातील स्त्रीवर सरकारी नोकराने केलेला बलात्कार हा वेगळा व अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. परंतु तिच्यामुळे पुढच्या मुलींच्या हाती हत्यार आले.

आणि आता परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांमध्ये कायद्याचे शिक्षण घेणारा एक ३५ वर्षांचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या अंगावर अनेक जखमा आढळल्या. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही. तेव्हा त्याची आई उच्च न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ रोजी तेथेही सरकारचे म्हणणे फेटाळले गेले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. ते ठरविण्याचा अधिकार तुम्हांला-मला नाही. परंतु विचार करा. नुसता गुन्हा नोंदविला जावा, एवढ्यासाठी एका आईला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. ज्याच्या हाताला पैसा नाही, ज्याला वकील माहीत नाही, त्या खेड्यातल्या माणसाचे काय?

म्हणून आता कामाचे बोलतो. ही गोष्ट वाचून सोडून देऊ नका. कागदावर उतरवून घ्या.

पहिली गोष्ट. कोणाला धरून नेले हे कळताच दोघांनी-तिघांनी मिळून ठाण्यात जा. एकट्याने जाऊ नका आणि जमाव करूनही जाऊ नका. कोणी धरले, किती वाजता धरले, कोणत्या कारणासाठी धरले, हे विचारा. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी असली पाहिजे, अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने केला पाहिजे, नातलगाला कळविले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू यांच्या प्रकरणात हे नियम घालून दिले आणि पुढे ते कायद्यात आले.

दुसरी गोष्ट. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, आणि तिच्या अहवालाची प्रत मागून घ्या. दंडाधिकाऱ्यापुढे उभे केल्यावर, मार बसला असेल तर तेथेच तोंडाने सांगा. आपले पुष्कळ तरुण तेथे गप्प राहतात. पोलीस शेजारी उभा असतो म्हणून गप्प राहतात. ते मौन पुढे त्यांच्याच विरुद्ध पुरावा होते.

तिसरी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवावेत आणि त्यातील चित्रण निदान एक वर्ष जपून ठेवावे, असे बजावले आहे. त्या दिवसाचे चित्रण राखून ठेवावे असा अर्ज दुसऱ्याच दिवशी लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. "कॅमेरा बंद होता" असे उत्तर आले तर तेही लेखी घ्या.

चौथी गोष्ट. फिर्याद घेतली नाही तर तीच लिहून टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवा, आणि तेथे दाद लागली नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे जा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदविणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्यात तर नोंदणीपूर्वी प्राथमिक चौकशीची जरुरी नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे.

पाचवी गोष्ट त्याच १९८९ च्या कायद्यातली आहे. त्याचे चौथे कलम किती जणांनी वाचले आहे? आपण तिसरे कलम पाठ केले, कारण त्यात गावगुंडाचे गुन्हे आहेत. चौथ्या कलमात अंमलदाराचा गुन्हा आहे. सांगितलेली फिर्याद न लिहिणे, लिहिलेली वाचून न दाखविणे, तिची प्रत न देणे, पीडिताचा व साक्षीदारांचा जबाब न नोंदविणे, ६० दिवसांत आरोपपत्र न ठेवणे, ही कर्तव्यात केलेली जाणूनबुजून कसूर होय, असे २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एकेक करून सांगितले. शिक्षा ६ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत आहे. परंतु त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. सबब, फिर्याद घेतली नाही असा नुसता आरडाओरडा करून भागणार नाही. चौथ्या कलमाखाली चौकशी करा, अशी मागणी तारीखवार लेखी केली पाहिजे.

महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. तिचे मूळ २००६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे, आणि तो निकाल मागण्यास गेलेले प्रकाश सिंह हे स्वतः पोलीस महासंचालक होते, हे ध्यानात ठेवा. पोलिसांना जाब विचारणारे सगळे पोलिसांचे शत्रू असतात, हे म्हणणे त्यांनीच खोटे पाडले आहे.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. ते कडू लागेल, पण सांगितले पाहिजे. आपण घटनेच्या दिवशी हजारोंनी जमतो. खटल्याच्या तारखेला साक्षीदाराबरोबर चारजण जात नाहीत. ज्या मजुराने साक्ष द्यावयाची त्याचा दिवसाचा रोज बुडतो, गावात त्याला काम मिळत नाही, आणि आपण सभेत त्याच्या नावाने टाळ्या घेतो. साक्षीदार फुटला असे म्हणण्यापूर्वी त्याला आपण एकटा सोडला नव्हता ना, हे आधी विचारा. प्रत्येक वस्तीने अशा खटल्यांची एक वही ठेवावी, पुढची तारीख लिहावी, आणि त्या दिवशी कोण बरोबर जाणार हे नावानिशी ठरवावे.

दुसरे असे की, आता आपली मुलेही खाकी गणवेशात आहेत. याचा अभिमान आहे. परंतु "तो फौजदार आपला आहे, त्याचे प्रकरण वाढवू नका" असे मी कानांनी ऐकले आहे. ज्याच्या हातून पारध्याच्या पोराला मार बसला, तो आपला कसा? चौथे कलम आपल्या जातीच्या अधिकाऱ्याला लागू होत नाही. परंतु बाकीचे सर्व कायदे लागू होतात, आणि आपली नीती तर सर्वांत आधी लागू होते. जो न्याय आपण दुसऱ्यास मागतो तो आपल्या माणसापासून सुरू झाला नाही, तर ती न्यायाची मागणी नव्हे, ती केवळ पाळीची मागणी आहे. काल त्यांची पाळी होती, आज आपली असावी, एवढाच तिचा अर्थ!

आणि तिसरे. शिपायावर सारा दोष ढकलून वरच्यांना मोकळे सोडू नका. बारा-बारा तास उभा असणारा शिपाई हुकूम पाळतो. जाब हुकूम देणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. मात्र हुकूम होता म्हणून मारणाऱ्याचा हात निर्दोष ठरत नाही. बेकायदा हुकूम नाकारण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याने जाब देण्याची तयारी ठेवावी.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली सही केली. त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा केंद्राने केलेला नाही. ती मागणी आपण निवडणुकीच्या प्रत्येक उमेदवारापुढे ठेवली पाहिजे. परंतु तो कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. जे कायदे आज आहेत त्यांतला निम्मा भाग तरी आपण वापरला आहे काय?

बंधूंनो आणि भगिनींनो, ठाण्याच्या फाटकाशी आवाज खाली करण्याची सवय आपल्याला वतनाने लावली होती. ते वतन कधीच गेले. आता तुम्ही तेथे जाल तेव्हा याचक म्हणून जाऊ नका, आणि दगड घेऊनही जाऊ नका. लिहिलेला अर्ज घेऊन जा, आणि त्यावर पोच मिळाल्याशिवाय परत येऊ नका. तो अर्ज तुमच्या हाती असेल तेव्हा तुमच्या पाठीशी घटनेचे बाविसावे कलम उभे असेल, आणि ते कलम मांडणारेही उभे असतील.

जय भीम!